अंगठ्यामागची बाई

पुडीआत्याला सहसा राग येत नसे. औषधालयाच्या काउंटरमागे अवघे आयुष्य उभ्याने काढलेल्या माणसाला तो परवडतही नाही. डॉक्टरांची अगम्य अक्षरे, दुखणेकऱ्यांची चिडचिड, "कालच्या गोळ्या पिवळ्या होत्या, आज पांढऱ्या का?" ही नित्याची उलटतपासणी, हे सारे तिने ज्या शांतपणे पचवले त्या शांतपणाला धैर्य म्हणावे की सवय, हा प्रश्न तिला स्वतःलाही कधी पडला नव्हता. चूर्णाची पुडी ती अशी बांधी की उंचावरून टाकली तरी कणभर सांडू नये. त्यावरून घरच्या धाकट्या पिढीने तिचे हे नाव पाडले आणि ते इतके रुळले की खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर ती चटकन वळतही नसे. औषधालयावरची पाटी मात्र थोरल्या भावाची होती. परीक्षा तिने दिलेली, परवाना तिच्या नावाचा, फळीवरची प्रत्येक बाटली तिच्या हाताखालची. परंतु पाटीवर पुरुषाचे नाव शोभते, असे वडिलांचे मत पडले. दादा बँकेतून घरी जाताना घटकाभर गल्ल्याशी बसत आणि पाटी सार्थ करीत. याचाही तिला राग आला नव्हता.

राग आला तो सत्तरी उलटल्यावर, आणि तोही जिला डोळ्यांनी कधी पाहिले नाही अशा एका बाईसाठी.

त्याचे निमित्त झाले नगरपालिकेचे. नदीवरचा होडीचा जुना धक्का दुरुस्त करून तिथे चार बाके आणि दिवे बसवायचे ठरले होते. पूल होण्यापूर्वी अलीकडची वस्ती आणि पलीकडचा बाजार यांना जोडणारी तिथे एकच होडी असे. ती एकोणचाळीस वर्षे आपल्या पणजोबांनी चालवली, अशी घराण्याची श्रद्धा होती. घराण्याचे आडनावही होडीच्या धंद्यावरूनच पडलेले. तेव्हा धक्क्यावर पणजोबांच्या नावाची शिला असावी असे ठरले. म्हणजे दादांनी खेटे घालून ठरवून घेतले. मजकूर घराण्याने द्यायचा आणि हयात ज्येष्ठ वंशजांनी एकमताने त्याखाली सह्या करायच्या, एवढीच अट होती. असे वंशज तीनच उरले होते: दादा, पुडीआत्या आणि विमा विकणारा चुलतभाऊ.

चुलतभावाने मजकूर वाचण्याआधीच सही केली. "अडुसष्टाव्या वर्षापर्यंत वल्ही मारली म्हातार्‍यानं! दादा, असा पूर्वज म्हणजे माझ्या धंद्याची फुकट जाहिरात. शिलेखाली माझा फोन नंबर घालता येईल का रे?"

"तुझा नंबर बघितला की लोक नदीत उडी मारतील," दादा म्हणाले. पण मनातून ते प्रसन्न होते.

कारण या घरात कोणत्याही गुणाचे मूळ पणजोबांच्या मनगटात शोधले जाई. कोणी शर्यत जिंकली, घराण्याचे मनगट! कोणी घट्ट झाकण उघडले, मनगट! दिवाणखान्यात आजोबांनी स्वहस्ते रेखाटलेला वंशवृक्ष चौकटीत लावला होता. आजोबा शाळामास्तर, अक्षर मोत्यासारखे. त्या वृक्षाच्या बुंध्याशी पणजोबा, मग त्यांचे मुलगे, मग मुलग्यांचे मुलगे. बाईमाणूस औषधालाही नाही. फांद्यांना फांद्या आपोआप फुटाव्यात, तसे हे पुरुष एकमेकांपासून फुटले होते. त्या चौकटीवरची धूळ पुसण्याचे काम वहिनींकडे होते.

"तू काय, मोकळीच आहेस आता," दादा बहिणीला म्हणाले. "ट्रंकेत परवाने आहेत त्यांचे. तारखा लावून दे. पहिलं साल अचूक पाहिजे बघ. दगडावर चूक झाली तर रबरानं पुसता येत नाही."

पुडीआत्याने ट्रंक आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणली, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि कागद सालवार मांडले. होडीचा परवाना दरसाल नवा होई, आणि खाली परवानेदाराची निशाणी घेतली जाई. एकोणचाळीस कागदांवर एकोणचाळीस अंगठे होते. ट्रंकेच्या तळाशी एक पाकीट निघाले. त्यावर आजोबांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द होता: "परके". आत त्याच धक्क्याचे, आधीच्या सालांचे तीन परवाने होते. आडनाव वेगळे, विणकराच्या धंद्यावरून आलेले. दुसऱ्या कुणा होडीवाल्याचे कागद चुकून आपल्यांत मिसळले असावेत, असे समजून घराण्याने ते दोन पिढ्या बाजूला ठेवले होते.

पण त्या परक्या माणसाचे स्वतःचे नाव तेच होते. वडिलांचे नाव तेच. राहण्याचे ठिकाण तेच. आणि तिन्ही कागदांखाली अंगठा नव्हता, सही होती. ठसठशीत, शेवटच्या अक्षराला वेलांटी काढलेली, लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याचे कौतुक आहे हे सांगणारी.

आत्या तिथेच थांबली. हजारो चिठ्ठ्या वाचलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: माणसाची सही वयाबरोबर बिघडते, वाकते, थरथरते, पण एका सालात नाहीशी होत नाही. लिहिता येणारा मनुष्य चौथ्या वर्षी अंगठेबहाद्दर कसा होईल? तिने चौथ्या सालचा परवाना उजेडात धरला आणि त्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. तिचा अंगठा लहानखुरा. तरी तो ठसा त्याखाली पूर्ण झाकला गेला. ज्या मनगटाचे या घराने एवढे पोवाडे गायले, त्या मनगटापुढे एवढासा अंगठा!

तिने कागद उलटला. मागे परवान्याच्या अटी बारीक टायपात छापल्या होत्या. होडीत किती माणसे घ्यावीत, किती जनावरे घ्यावीत, पुरात काय करावे. आणि पाचवी अट: "सदर परवाना स्त्रिया, अज्ञान मुले व भ्रमिष्ट इसम यांस देण्यात येणार नाही."

आत्याने ती अट बसून वाचली होती. दुसऱ्यांदा वाचताना ती उभी राहिली होती. उभी कधी राहिली हे तिला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेच्या तळघरात गेली. जन्ममृत्यूची जुनी बुके तिथे लोखंडी कपाटांत होती, आणि त्यांच्यावर एक दमेकरी कारकून होता. घराण्यातल्या कुणालाही पणजोबांच्या मृत्यूची नोंद आजवर सापडली नव्हती, कारण सगळ्यांनी ती होडीच्या आडनावाखाली शोधली होती. आत्याने विणकराचे आडनाव सांगितले. कारकुनाने दोन बुके चाळून तिसरे तिच्यापुढे उघडले.

"हे बघा. वय एकोणतीस. ताप. मागे पत्नी आणि दोन मुलगे."

"पत्नीचं नाव?"

"त्याचा रकाना नाही बाई."

"मुलग्यांची नावं आहेत ना?"

"मुलग्यांचा रकाना आहे."

म्हणजे हिशेब सरळ होता, आणि जेवढा सरळ तेवढाच लाजिरवाणा. पणजोबा तीन वर्षे होडी चालवून एकोणतिसाव्या वर्षी गेले. पुढची एकोणचाळीस वर्षे त्यांच्या विधवेने चालवली. बाईला परवाना मिळत नाही म्हणून नगरपालिकेच्या कचेरीने मेलेल्या माणसाच्या नावाने तो दरसाल नवा केला आणि जिवंत बाईचा अंगठा त्याखाली घेतला. हे कचेरीला ठाऊक नव्हते म्हणावे, तर कचेरीतले कारकून पलीकडे राहत. सकाळी तिच्या होडीतून यायचे, दिवसभर तिच्या नवऱ्याला कागदावर जिवंत ठेवायचे, आणि संध्याकाळी तिच्याच होडीतून घरी जायचे! पुराणांत प्रेताला चालवणाऱ्या मांत्रिकांच्या कथा असतात. इथे तर साऱ्या कचेरीने एका प्रेताकडून एकोणचाळीस वर्षे वल्ही मारून घेतली, आणि त्यात कुणाला अद्भुत असे काही वाटले नाही.

आणि घराण्याने काय केले? जी तीन वर्षे खरोखर त्या पुरुषाची, ती परकी म्हणून पाकिटात बंद केली. आणि ज्यांतला एकही दिवस त्याचा नव्हता, त्या एकोणचाळीस वर्षांचा अभिमान धरला.

आडनावाचा उलगडा शाळेत झाला. आजोबा ज्या शाळेत शिकले, तिथेच पुढे मास्तर झाले. मुख्याध्यापिका आत्याच्या ओळखीतल्या. त्यांनी दाखल्यांचे जुने बुक काढून दिले. वडील हयात नाहीत. पालक: "आई, होडीवाली". मुलाच्या आडनावाच्या जागी आधी विणकराचे आडनाव लिहून खोडले होते आणि वर होडीचे लिहिले होते. सारी वस्ती त्या पोरांना होडीवालीची पोरे म्हणत असे. मास्तरांनी तेच लिहून घेतले. मग त्याच सालच्या नव्या परवान्यावर तेच आले, मग सगळीकडे. ज्या आडनावाखाली चार पिढ्या जन्मल्या, नांदल्या, मिरवल्या, ते पणजोबांचे नव्हतेच. ते एका सुनेने वल्ह्याने कमावून घरात आणले होते.

आत्याने तिचे नाव शोधायला सुरुवात केली ती आनंदात. महिनाभराने तो आनंद आटला. शाळेच्या बुकात "आई". पुराच्या वर्षी बुडणारी अकरा माणसे काढल्याबद्दल जे बक्षीसपत्र दिले गेले, ते मेलेल्या नवऱ्याच्या नावाने. दवाखान्याच्या नोंदीत "होडीवाली म्हातारी". शेवटी आत्या पुन्हा तळघरात गेली, आणि तिची मृत्यूची नोंद सापडली. नाव: अमुक याची विधवा. धंदा: काही नाही. खबर देणार: मुलगा, शाळामास्तर.

धंदा, काही नाही!

तळघराच्या त्या कोंदट उजेडात आत्याला आपल्या आजोबांचे मोत्यासारखे अक्षर आठवले आणि त्या अक्षराची तिला किळस आली. कचेरीचे एक वेळ समजू शकते. कचेरी आंधळी असते. पण हा तर तिच्या हातचे खाऊन वाढलेला मुलगा. शिकला, मास्तर झाला, आणि आई होडी मारते हे सांगायची त्याला लाज वाटू लागली. म्हणून त्याने बापाला अडुसष्ट वर्षांचे केले, आईला काहीच केले नाही, आणि वर एक सुंदर वृक्ष काढला. पितृऋणाची एवढी थोरवी सांगणाऱ्या आपल्या परंपरेत मातृऋण बुडवणाऱ्याला शिक्षा कोणती, हे कोणी सांगून ठेवलेले दिसत नाही.

त्या रविवारी दादांच्या दिवाणखान्यात आत्याने सगळे कागद मांडले. चुलतभाऊ हजर होता. वहिनी चहा घेऊन आत-बाहेर करीत होत्या.

दादांनी ऐकून घेतले आणि चष्मा काढला. "पुड्या बांधता बांधता आता पुड्या सोडायला लागलीस की काय?"

"कागद समोर आहे, दादा. वाच."

"कागदाला अंगठे लागले म्हणून काय झालं? हात दुखावला असेल त्यांचा."

"दुखावला नाही, दादा. गेले होते ते."

चुलतभाऊ मध्येच म्हणाला, "एकोणतिसाव्या वर्षी? अरे बापरे! मी सगळ्या गिऱ्हाइकांना आमच्या घरातल्या दीर्घायुष्याच्या गोष्टी सांगतो."

"तू गप रे!" दादा कडाडले. मग बहिणीकडे वळून समजुतीने म्हणाले, "हे बघ, छोटे. बरं, चालवली असेल तिनं. कोण नाही म्हणतंय? पण दगड तयार आहे, पाथरवट नुसता मजकुरासाठी थांबलाय. आणि शेवटी नाव कुणाचंही असलं तरी घराण्याचंच ना?"

"पाटीवरही तुझंच नाव आहे औषधालयाच्या," आत्या म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. "तेव्हा मीही असंच म्हणाले होते. घराचंच ना, म्हणून."

माणसाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो नियमाचा आधार घेतो. दादांनी तो घेतला. "मग तू काय लिहायचं म्हणतेस? तिचं नाव सांग. सांग ना! तुलाच ठाऊक नाही. आणि कायद्यानं बघितलं तर ती वंशज नाही, पूर्वज नाही. सून ती. बाहेरून आलेली. वंशावळीत सुनेला जागा नसते, ही काय मी काढलेली पद्धत आहे?"

"ज्या घराण्याचं आडनावच सुनेकडून आलं, त्या घराण्यात सुनेला जागा नाही," आत्या म्हणाली. "हे तू दगडावर लिहितोस का? मग करते सही."

"म्हणजे सही करणार नाहीस?"

"नाही."

"दगडच लागणार नाही मग. बस धक्क्यावर जाऊन!"

"खोट्या दगडापेक्षा बरं बसेन."

चहाचे कप उचलायला आलेल्या वहिनी इथे थांबल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात भावाबहिणीच्या भांडणात त्या कधी पडल्या नव्हत्या. त्यांनी दोन कप ट्रेमध्ये ठेवले आणि नवऱ्याला विचारले, "अहो, मी गेले की तुम्ही खबर द्यायला जाल ना?"

"कसली खबर?"

"मी गेल्याची. तिथं धंद्याचा रकाना असतो म्हणे. काय सांगाल?"

"काहीतरीच काय बोलतेस सकाळी सकाळी!"

"काहीतरी नाही. काय सांगाल ते विचारतेय."

दादांनी बहिणीकडे पाहिले, चुलतभावाकडे पाहिले, वृक्षाच्या चौकटीकडे पाहिले. चुलतभावाने त्याच क्षणी चहात नसलेली साखर ढवळायला घेतली. कुठूनच मदत मिळाली नाही. वहिनी उत्तराची वाट पाहत ट्रे धरून उभ्या राहिल्या, आणि ते मिळत नाही असे दिसल्यावर आत गेल्या.

पुढे तीन आठवडे दादांचा फोन आला नाही. नगरपालिकेचा आला. उद्यानांचे काम पाहणारे अधिकारी म्हणाले, घराण्यात एकमत नसेल तर आम्ही "होडीचा जुना धक्का" एवढेच कोरून मोकळे होतो. कुणाचेच नाव नको. आत्याने एक दिवस विचार केला. इतक्या मोठ्या लबाडीपुढे निदान मौन बरे, असे एक मन म्हणे. आणि दुसरे मन म्हणे, मौनच तर पाळले आहे सगळ्यांनी आजवर. तिने हरकतीचा अर्ज केला. अर्जात "कोणाचे वंशज" असा प्रश्न होता. तिथे तिने लिहिले: होडीवालीची पणती.

अर्जावर निर्णय घ्यायला अधिकाऱ्यांनी तिला बोलावले, तेव्हा बाहेरच्या बाकावर दादा बसलेले होते. बरोबर वहिनी होत्या.

"मी सही करणार आहे," दादा आत्याकडे न बघता म्हणाले. "पण नाराजीनं, हे लक्षात ठेव. मला घरात जेवायचं असतं."

"नाराजीनं तर नाराजीनं. सही सुवाच्य कर म्हणजे झालं."

"आपला विमेवाला नवीन मजकुरावरही सही करतोय. त्याला काय, कशावरही करतो."

अधिकारी तरुण होते, सज्जन होते आणि घाईत होते. घराण्याचे एकमत झालेले पाहून त्यांना हायसे वाटले. त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता आणि तो मोठ्याने वाचला: "या धक्क्यावर एका स्त्रीने एकोणचाळीस वर्षे होडी चालवली. नाव अज्ञात."

"पहिलं वाक्य बरोबर आहे," आत्या म्हणाली. "दुसरं खोटं आहे."

"पण बाई, नाव तुम्हालाही सापडलं नाही ना?"

"सापडलं नाही. पण अज्ञात नव्हतं ते." आत्याचा आवाज आता मात्र चढला, आणि तिने तो चढू दिला. "एकोणचाळीस वर्षं दोन्ही काठांवरून तिला हाका पडत होत्या. पोरं तिला ओळखत होती, बाजार ओळखत होता. तुमच्या याच कचेरीतली माणसं रोज दोनदा तिच्यासमोर बसून जात होती. तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव होतं तिला. अज्ञात म्हटलं की कुणाचाच दोष राहत नाही. जसं काही ते धुक्यात हरवलं. ते हरवलं नाही हो! जागा होती, शाई होती, लिहिणारे हात होते, आणि तरी दर वेळी दुसरंच लिहिलं गेलं."

अधिकाऱ्यांनी पेन उघडले आणि शेवटचे दोन शब्द खोडले. "मग काय लिहू? तुम्हीच सांगा."

"'तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.' असं लिहा."

अधिकारी जरा घुटमळले. "'कोणी' म्हटलं की आमची कचेरीही त्यात येते, बाई."

"येते ना. आमचं घरही येतं."

अधिकाऱ्यांनी आधार शोधावा तसे थोरल्या भावाकडे पाहिले. दादा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांच्या हातात सहीसाठी काढलेले पेन होते आणि त्याचे टोपण ते बराच वेळ लावत-काढत होते.

"येऊ द्या," दादा म्हणाले, आणि कागद आपल्याकडे ओढला.